इंग्रजीच्या तासातील गोष्ट आणि माहिती

राज्यातील शाळांत जून २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. सहावीच्या वर्गात येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यावर त्यामुळे या भाषेची पाच वर्षे जमा झालेली असतात. या पाच वर्षांच्या बळावर तो स्वतःहून काय वाचू शकतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 'असर' या देशव्यापी पाहणीने तो विचारला. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या विद्यार्थ्यांपैकी ४६.७ टक्के मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. २०१६ साली हेच प्रमाण ४५.३ टक्के होते. याचा अर्थ असा की, निम्म्याहून अधिक मुले इंग्रजीतील एक छोटे वाक्यही न अडखळता वाचता येण्यापूर्वीच उच्च प्राथमिक शाळेचा उंबरठा ओलांडून बाहेर पडतात.

याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुष्कळ वर्गांत इंग्रजीचा तास एका ठरावीक चाकोरीतून जातो. शिक्षक पाठातील एक वाक्य वाचतात, त्याचा मराठीत अर्थ सांगतात व पुढच्या वाक्याकडे वळतात. पाठ संपला की कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात, त्यामागून प्रश्नोत्तरे येतात आणि ती वहीत उतरून घेतली जातात. उत्तरे पाठ होतात, परीक्षा पार पडते. या साऱ्या व्यवहारात मुलांच्या कानांना काम असते, हातांना काम असते. डोळ्यांनी मजकुराशी झुंज घेण्याचे काम मात्र शिक्षकांनी आधीच उरकलेले असते. पाठ गोष्टीचा असो की शास्त्रज्ञाच्या चरित्राचा, झाडाची माहिती असो की प्रवासवर्णन, सर्वांना एकच न्याय लावला जातो. गोष्ट आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्या दोन वेगळ्या रीतींनी वाचावयाच्या असतात, हे अशा तासातून मुलाला कधीच उमगत नाही.

मध्येच सुटणाऱ्यांचे काय?

इंग्रजीच्या अध्यापनात वाचनाला अग्रस्थान द्यावे, हा विचार भारतीय भूमीवरच प्रथम जोमाने मांडला गेला. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्का येथे काम करीत होते. बंगालमधील मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करून त्यांनी १९२६ साली द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. शाळेत इंग्रजी शिकू लागणाऱ्या मुलांपैकी फार थोडी मुले अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत पोहोचतात, हे त्यांना दिसले होते. म्हणून त्यांनी विमा व्यवसायातील एक कल्पना शिक्षणाला लावली. मुदत पुरी होण्यापूर्वीच विम्याचे हप्ते थांबले, तर विमेदाराच्या पदरात जी रक्कम पडते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. इंग्रजीचे शिक्षण अर्धवट सुटले, तर त्या मुलाच्या पदरात काय पडते, असा वेस्ट यांचा प्रश्न होता. चार व्याकरणाचे नियम आणि मोडकी संभाषणाची वाक्ये शाळा सुटताच विरून जातात. पण ज्याला वाचता येऊ लागले, त्याला पुढे शिक्षकाची गरज उरत नाही. थोडे शिकून बाहेर पडलेल्यालाही ते थोडे वापरता येते व वाढविता येते. वेस्ट यांनी जुनी वाचनमाला तपासली. तिच्यात दर ओळीला नवा शब्द आणि तोही बहुधा पोथीतला, हे पाहून त्यांनी सोप्या व नेहमीच्या शब्दांत, नव्या शब्दांची दाटी कमी करून वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांच्या संपादनाखाली सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग वाचनपुस्तके लिहिणाऱ्यांना कित्येक दशके झाला.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. आठवीनंतर ज्यांची शाळा सुटते, त्यांत शेतमजुरांची मुले आहेत, ऊसतोड कामगारांची आहेत, आणि ज्यांच्या गावात पुढचा वर्ग नाही अशा मुलीही आहेत. इंग्रजीच्या तासाचा हिशेब करताना दहावीच्या टक्केवारीबरोबर या मुलांच्या पदरी काय पडले, हेही पाहणे प्राप्त आहे.

बाटलीवरील चिठ्ठी आणि कविता

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषींनी वाचनाच्या दोन वृत्तींचा विचार मूलगामी रीतीने केला आहे. त्यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९३८ सालचा, दुसरा १९७८ सालचा. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी दिलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे. एका माणसाच्या पोटात चुकून विषारी द्रव गेले आहे आणि तो बाटलीवरची चिठ्ठी घाईघाईने वाचतो आहे. त्याला हवा आहे तो फक्त उतारा. शब्दांचा नाद, वाक्याची डौलदार ठेवण यांच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. वाचून झाल्यावर हाती काय उरते, याला तेथे महत्त्व आहे. याउलट कविता किंवा गोष्ट वाचणाऱ्याला, वाचत असतानाच मनात जे घडते ते हवे असते. गोष्टीचा सारांश कोणी सांगितला तर गोष्ट वाचल्यासारखे होत नाही. औषधाची मात्रा दुसऱ्याने वाचून सांगितली तरी काम भागते.

त्यांचे दुसरे म्हणणे शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. हा भेद केवळ मजकुरात नसतो, तो वाचणाराच्या वृत्तीत असतो आणि ती वृत्ती शिक्षकाच्या प्रश्नामुळे घडते किंवा बिघडते. मुलांच्या एका सराव-पुस्तकात, कवितेतून कोणती तथ्ये कळली, असा प्रश्न त्यांना आढळला. त्यावर त्यांनी १९८० साली एक स्वतंत्र लेखच लिहिला. आपल्याकडील प्रश्नपत्रिका चाळल्या तर याच जातीचे प्रश्न मुबलक सापडतील. गोष्टीतील राजाला किती मुले होती, कोल्हा कोणत्या झाडाखाली बसला होता, म्हातारीच्या टोपलीत काय होते? गोष्टीतून माहिती पिळून काढण्याचा हा उद्योग आहे. दुसऱ्या बाजूला, माहितीच्या पाठाखाली मात्र 'या पाठातून कोणता बोध मिळतो' असा प्रश्न विचारला जातो. माहितीच्या पाठातून बोध आणि गोष्टीतून आकडे, अशी ही उलटी वाटणी आहे.

शब्दांची एक अडचण

इंग्रजीतील 'फिक्शन' आणि 'नॉनफिक्शन' या शब्दांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही अडचण प्रथम मोकळेपणाने मान्य केलेली बरी. 'ललित' हा शब्द बहुधा फिक्शनसाठी योजला जातो. पण ललित निबंध हा कल्पित नसतो. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे ललित लेखन आहे, आणि त्यातील झाडे, पाखरे व महिने मात्र खरेखुरे आहेत. इंग्रजीत भेदाची रेषा रचलेले आणि घडलेले यांच्यामधून जाते. मराठीत ती बव्हंशी लेखनाच्या शैलीमधून जाते. मुलांसाठी 'गोष्ट' आणि 'माहिती' हे साधे शब्द पुरेसे आहेत. 'खरे' आणि 'खोटे' हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. गोष्ट खोटी नसते. ती घडलीच आहे असा तिचा दावाच नसतो. माहितीपर मजकूर लिहिणारा मात्र तसा दावा करतो आणि म्हणून त्याच्याकडे पुरावा मागण्याचा वाचकाला हक्क पोहोचतो. हा भेद सहावीच्या मुलाला समजतो, मोठ्यांचाच कधी कधी गोंधळ होतो. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबऱ्यांनी मराठी मनावर असे काही गारूड केले की, त्यांतील संवाद इतिहासाचे किंवा महाभारताचे म्हणून सभांतून सांगणारे वक्ते आजही भेटतात. हे लेखकांचे यश होय. वाचकांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येणार नाही.

फिजीतील पुस्तकांचा पूर

इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या मुलांच्या हाती भरपूर गोष्टी दिल्या तर काय होते, याचा एक नामांकित प्रयोग प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर झाला. तेथे मुलांच्या घरची भाषा फिजियन किंवा हिंदी. हिंदी बोलणारे हे लोक म्हणजे इंग्रजी अमदानीत उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज. पहिली तीन वर्षे शिक्षण मातृभाषेतून आणि चौथीपासून इंग्रजीतून, अशी तेथील शाळांची व्यवस्था होती. ग्रामीण शाळांत पुस्तके जवळजवळ नव्हतीच. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगूभाई या दोन संशोधकांनी आठ ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीची ३८० मुले निवडली आणि त्यांना इंग्रजीतील सुमारे २५० सचित्र, मनोरंजक गोष्टींची पुस्तके उपलब्ध करून दिली. तुलनेसाठी इतर शाळांतील २३४ मुले घेतली. ती नेहमीच्याच पद्धतीने, म्हणजे ठरावीक वाक्यरचना तोंडी घोकून इंग्रजी शिकत राहिली.

पुस्तके मिळालेल्या शाळांत दोन रीती वापरल्या गेल्या. काही वर्गांत शिक्षक पुस्तक सर्वांना दिसेल असे धरून वाचीत, मुलांशी त्यावर बोलत, पुढे काय होईल असे विचारीत आणि तेच पुस्तक पुन्हा वाचीत. काही वर्गांत मुले रोज वीस ते तीस मिनिटे आपल्या आवडीचे पुस्तक मनातल्या मनात वाचीत. त्यावर प्रश्न नाहीत, परीक्षा नाही. आठ महिन्यांनी चाचण्या घेतल्या, तेव्हा पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील व ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाल्याचे आढळले. वीस महिन्यांनंतर हा फरक आणखी वाढला, आणि जी कौशल्ये मुद्दाम शिकविली नव्हती त्यांतही तो दिसू लागला. या प्रयोगाचा वृत्तान्त १९८३ साली प्रसिद्ध झाला. 'पुस्तकांचा पूर' या अर्थाच्या नावाने तो शिक्षणक्षेत्रात ओळखला जातो.

या प्रयोगात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, मोठी इमारत, यंत्रे किंवा परदेशी शिक्षक यांपैकी काहीही तेथे नव्हते; होते ते नेहमीचेच शिक्षक व अडीचशे पुस्तके. दुसरी गोष्ट अशी की, पुस्तके सोपी होती. कोणते पुस्तक सोपे म्हणावे, याविषयी पुढे न्यूझीलंडमधील पॉल नेशन यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर अभ्यास करून २००० साली निष्कर्ष मांडला की, कोणाच्याही मदतीवाचून गोष्ट नीट समजण्यासाठी तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या परिचयाचे असावे लागतात. शंभर शब्दांच्या पानावर दोन शब्द अडावेत, फार नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातील एखाद्या पानावर सातवीचा विद्यार्थी किती शब्दांपाशी थांबतो, हे शिक्षकांनी एकदा पेन्सिलीने खुणा करून पाहावे. तो आकडा दोनाऐवजी वीस निघाला, तर ते पान शिक्षकाच्या मदतीने अभ्यासण्याचे आहे, मुलाने आपले आपण वाचण्याचे नव्हे. पाठ्यपुस्तक अभ्यासासाठी आणि त्याच्या खालच्या पायरीवरील सोपी पुस्तके वाचनासाठी, अशी विभागणी त्यामुळे आपोआपच होते. सातवीच्या मुलाने तिसरीच्या पातळीचे इंग्रजी पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही. तशी सोय केली नाही तर तो काहीच वाचीत नाही.

नाग गोष्टीतला आणि शेतातला

फिजीतील पुस्तके गोष्टींची होती. माहितीच्या वाचनाची सवय केवळ गोष्टींनी लागते, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी पहिलीच्या वीस वर्गांची पाहणी करून २००० साली दाखवून दिले की, तेथे माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटेच येत होती. पुढे २०१० साली तेथील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अभ्यासक्रम-निकषांत आठवीसाठी ४५ टक्के साहित्य व ५५ टक्के माहिती, असे वाचनाचे प्रमाण सांगितले गेले. ते सर्व विषयांच्या वाचनाला मिळून होते. विज्ञान व इतिहास यांचे वाचनही त्यात धरले होते. पण अनेक ठिकाणी ते एकट्या इंग्रजीच्या तासाला लावले गेले, आणि गोष्टी-कविता बाहेर ढकलल्या जात असल्याची तक्रार झाली. टक्केवारीच्या परिपत्रकांचा असा परिणाम अधिकारीवर्गाला नवा नसावा.

गोष्ट आणि माहिती यांची टक्केवारी ठरविण्यापेक्षा एकाच विषयावरची एक गोष्ट आणि एक माहितीचे पान यांची जोडी लावणे अधिक फलदायी ठरते. ग्रामीण शाळेसाठी सापाचा विषय घेता येईल. पहिल्या तासाला नागाची एखादी सोपी इंग्रजी गोष्ट: पुरलेले धन राखणारा नाग, तेथे वाट चुकून आलेला मुलगा, आणि नागाने त्याला जाऊ दिले. शिक्षकांनी ती सलग वाचावी, मध्ये भाषांतरासाठी थांबू नये. एकदा मात्र मुद्दाम थांबावे, नाग फणा काढतो तेथे, आणि पुढे काय होईल ते मुलांना सांगू द्यावे. शेवटी एकच प्रश्न: नागाने मुलाला का जाऊ दिले? याचे उत्तर पुस्तकात छापलेले नाही, त्यामुळे वर्गात चार मते पडतील. मुलांनी ती मराठीत मांडली तरी बिघडत नाही. मात्र आपल्या मताला आधार म्हणून गोष्टीतील एक इंग्रजी वाक्य बोट ठेवून दाखविले पाहिजे. एवढी एकच अट मुलाला मजकुराकडे पुन्हा पुन्हा परत पाठविते. तीन-चार वेळा परत गेलेल्या मुलाला ते वाक्य पाठ करावे लागत नाही.

दुसऱ्या तासाला घोणस, नाग, मण्यार व फुरसे या चार विषारी सापांविषयी दहा-बारा वाक्यांचे इंग्रजी पान. हे पान सलग वाचावयाचे नाही. प्रथम फळ्यावर एक रिकामा तक्ता काढावा: नाव, अंगावरील खुणा, कोठे आढळतो, केव्हा बाहेर पडतो. मुलांनी पानावर नजर फिरवून तक्ता भरावा. घोणशीच्या पाठीवरील साखळीसारखे ठिपके, मण्यारीचे रात्री हिंडणे, नागाची फणा या गोष्टी ग्रामीण मुलांना पुस्तकापेक्षाही चांगल्या ठाऊक असतात. हे पूर्वज्ञान अनोळखी शब्दांची निम्मी अडचण दूर करते. मग खरा प्रश्न येतो: हे लिहिणाऱ्याला कसे कळले? साप दूध पितो असे आजी सांगते आणि पान तसे म्हणत नाही, तेव्हा कोणाचे मानावे आणि का? दंश झाल्यास जागेवर चिरा देऊ नये, विष चोखू नये, करकचून बांधू नये, धीर देऊन व दंश झालेला अवयव न हलविता रुग्णालय गाठावे, हे त्या पानाचे शेवटचे चार ओळींचे कलम असावे आणि ते प्रत्येक मुलाने घरी वाचून दाखवावे. आजीला दुखवावे असा यात हेतू नाही. धन राखणाऱ्या नागाच्या गोष्टीसाठी आजीच अधिकारी आहे, दंशाच्या उपचारासाठी नाही. आणि हे मुलाला एका आठवड्यात, दोन पानांमधून समजू शकते.

तक्ता भरण्यासारख्या कामांतून भाषा शिकविण्याची कल्पना भारतातच पारखली गेली आहे. एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व दक्षिणेतील काही सामान्य शाळांत एक प्रकल्प राबविला गेला. त्यात व्याकरणाचे पाठ न देता मुलांना रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, तक्ते दिले जात आणि त्यांवरून विचार करून सोडविण्याचे प्रश्न घातले जात: अमुक गाडी चुकली तर तमुक गावी किती वाजता पोहोचता येईल? नुसती माहिती शोधण्यापेक्षा माहितीवरून तर्क करावयास लावणारे काम मुलांना अधिक गुंतविते, असा प्रभूंचा अनुभव होता. एस.टी. स्थानकावरील वेळापत्रक, रेल्वेचे तिकीट, वीजबिल यांवर अशी कामे कोणताही शिक्षक तयार करू शकेल.

त्रिकोणाचे रंग

रोझेनब्लॅट यांच्या उदाहरणातील विषाची बाटली महाराष्ट्रात पुस्तकापुरती राहिलेली नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती: पिकाची वाढलेली उंची, फवारणीची साधने, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव. केवळ अक्षरओळखीने ती टळली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर वाचण्याजोगे काही असते आणि ते वाचणारा पुष्कळ घरांत सातवी-आठवीतील मुलगा किंवा मुलगी हाच असतो.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे या डब्यांवर पतंगाच्या आकाराची चौकट असते. तिचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे किंचित. वरच्या त्रिकोणात लाल व पिवळ्यासाठी 'पॉयझन', निळ्यासाठी 'डेंजर', हिरव्यासाठी 'कॉशन' हे शब्द असतात. लाल वर्गात कवटीचे चित्रही असते. हे तीन शब्द म्हणजे एका अर्थाच्या उतरत्या पायऱ्या आहेत. भाषेच्या शिक्षकाला याहून चांगला शब्दपाठ कोणता मिळणार? हिरवा रंग पाहून औषध निर्धोक आहे असा समज होतो. 'कॉशन' हा शब्द नेमके उलट सांगतो. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मात्रा, उतारा आणि शेवटच्या फवारणीनंतर पीक तोडण्यापूर्वी किती दिवस जाऊ द्यावेत, हे दिलेले असते. आठवीच्या वर्गाला त्यातील एकच प्रश्न द्यावा: आज फवारणी केली तर भाजी बाजारात केव्हा न्यावी? येथे एक सूचना अवश्य पाळली पाहिजे. डबे व बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, मुलांना शाळेत आणावयास सांगू नये. चौकट फळ्यावर काढावी आणि पत्रकाची छायाप्रत वापरावी.

कपाटाची किल्ली

पुस्तके नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. गोष्ट आणि माहिती दोन्ही त्या एका वाक्यात आली आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पातळीप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. नॅशनल बुक ट्रस्ट व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ पासून स्वस्त दरात मुलांची पुस्तके काढीत आल्या आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संग्रहात तर अनेक गोष्टी व माहितीची पुस्तके एकाच चित्रांसह मराठीत आणि इंग्रजीत मोफत मिळतात. तीच गोष्ट आधी मराठीत व मग इंग्रजीत वाचली की शिक्षकाच्या भाषांतराची गरज बरीच ओसरते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते; गोष्ट व माहिती शेजारी-शेजारी कशा नांदतात, हे दाखविण्यासाठी त्याचा कोणताही अंक चालेल.

अडते ते बहुधा कपाटापाशी. पुस्तकांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत खुर्च्या-टेबलांच्या पंगतीत होते. पुस्तक हरवले किंवा फाटले तर तपासणीत खुलासा द्यावा लागेल, प्रसंगी भरपाई करावी लागेल, या धास्तीने किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहते आणि पुस्तके १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी मांडणीसाठी बाहेर येऊन संध्याकाळी परत आत जातात. या धास्तीला शिक्षक जबाबदार नाहीत. तपासणीची रीत जबाबदार आहे. विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख यांनी भेटीच्या वेळी किती पुस्तके सुस्थितीत आहेत, याऐवजी किती पुस्तके मुलांच्या घरी गेलेली आहेत, हे विचारावे, आणि वापरून फाटलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव वर्षातून एकदा विनाविलंब मार्गी लावावेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत देवघेव नोंदवही हा एक कायमचा विषय ठेवता येईल.

पंचायत सदस्यांनाही येथे वाव आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत शिक्षण सतराव्या आणि ग्रंथालये विसाव्या क्रमांकावर आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारे वाचनालय गावात असल्यास त्याच्या खरेदीत सोप्या इंग्रजी पुस्तकांची एक फळी मागून घेता येईल, आणि शाळा सुटल्यानंतर तासभर ते मुलांसाठी उघडे ठेवता येईल. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांची नावे मुख्याध्यापकांनी जूनमध्येच या वाचनालयाकडे द्यावीत व त्यांची वर्गणी पंचायतीने भरावी. गावोगाव ही संख्या दहा-पंधराच्या वर क्वचितच जाईल.